पोवाड्यात ‘देश’ कुठे असतो?
वाचकांचे प्रश्न : युद्धकविता आणि देशप्रेम

प्रश्न : आमच्या शाळेला नाईक यशवंत घाडगे यांच्यावर आठ-दहा मिनिटांचा पोवाडा बसवायचा आहे. लिहिलेला मसुदा भाषणासारखा वाटतो. शिवाय ते ब्रिटिशांच्या सैन्यात होते, मग पोवाड्यात देशभक्ती आणायची कशी? (एक शिक्षिका, रायगड जिल्हा)

मसुद्यात ‘शूर’, ‘वीर’, ‘महान’, ‘थोर’, ‘अमर’, ‘धन्य’ हे शब्द किती वेळा आले ते आधी मोजा आणि सगळे खोडा. जे उरेल तो तुमचा कच्चा माल. काहीच उरत नसेल, तर अजून घटना गोळा झालेली नाही असे समजायचे.

पोवाडा क्रियापदांवर उभा असतो आणि या प्रसंगात क्रियापदांची कमतरता नाही. १० जुलै १९४४, इटलीतले टायबर नदीचे वरचे खोरे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. मशिनगनचा मारा अगदी जवळून सुरू होतो आणि घाडग्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे पडतात, कोणी ठार, कोणी जखमी. सोबत यायला कोणी उरले नाही हे ठाऊक असताना ते एकटे मशिनगनवर धावून जातात. हातबाँब टाकतात, गन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प होतात. टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशिनगनने, एकाला टिपतात. मॅगझिन बदलायला वेळ नसतो, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारतात. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागतात, आणि जिंकलेल्या त्याच मोर्च्यात ते प्राण सोडतात. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, तो तुम्ही पाहिलाच असेल.

या हकिकतीत एकही विशेषण नाही, तरी ऐकणारा सावरून बसतो. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, हा तपशील दहा ‘महान’ना भारी आहे. पोवाड्याची उंची तिथेच गाठा.

बांधणी अशी करा. सुरुवातीला नमन, चार ओळींपुरते. पुढे तीन चौक, म्हणजे पोवाड्याचे तीन भाग: पहिल्यात गाव, घर आणि पलटण, दुसऱ्यात डोंगर, मारा आणि एकटा उरलेला माणूस, तिसऱ्यात चढाई आणि शेवट. आठ मिनिटांना तीन चौक पुष्कळ होतात. चौथा घातलात की तिसरा घाईत उरकला जातो आणि लढाईच कापली जाते. टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आठ-दहा अक्षरांची ठेवा, कारण ती झीलकऱ्यांना, म्हणजे मागे साथ धरणाऱ्यांना, एका दमात उचलता आली पाहिजे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव गुंफायची जुनी चाल आहे, तिथे शाळेचे नाव घाला.

‘जी जी रं जी’ ही झील प्रत्येक ओळीमागे नको. सर्वांत जास्त पोवाडे इथे फसतात. झील म्हणजे शाहिराला श्वास घ्यायला दिलेली जागा, आणि श्रोत्याला मागच्या दोन ओळी पचवायला दिलेला अवधी. निवेदनात दोन किंवा चार ओळींनंतर झील द्या. चढाईच्या वेळी ती पूर्ण थांबवा आणि कटाव घ्या, म्हणजे एकाच यमकाच्या आखूड ओळी न थांबता, वाढत्या लयीत. गोळ्या लागल्या की कटाव एकदम तोडायचा, डफ हाताने दाबून धरायचा आणि पुढची दोन वाक्ये गद्यात बोलायची. डफ, तुणतुणे, झांज एवढी साथ पुरते. माइक असेल तर झांज मागे उभी करा, नाहीतर ती शब्द खाते.

नवख्याने मात्रा मोजून (लघु अक्षराची एक, गुरूच्या दोन) लिहिलेले बरे. नमुन्यादाखल दोन ओळी, आठ-आठ-आठ-सहा मात्रांच्या:

सारे पडले, एक राहिला, समोर बंदुक धडधडते
बाँब फेकला, धूर उसळला, बंदुक पुढची अडखळते

यात कर्त्याचे नाव नाही की स्तुती नाही. ‘फेकला’ आणि ‘उसळला’ या दोन क्रियापदांतले अंतर तेवढे लढाईचा वेग सांगते. शाहीर पुढे चालीत ओळ ताणतील, आखडतील, त्याला हरकत नाही. जुन्या पोवाड्यांच्या ओळी तरी कुठे सारख्या लांबीच्या आहेत? पण आधी माप हाती असले म्हणजे ताणायचे कुठे ते कळते.

‘टॉमीगन’, ‘मशिनगन’, ‘सेक्शन’ हे शब्द टाळू नका. शिवकाळाच्या पोवाड्यांत फौज, लष्कर, तोफ, निशाण हे फारसी-अरबीतून किंवा तुर्कीतून आलेले शब्द बेलाशक येतात, कारण शिपायांच्या तोंडी तेच होते. तुमच्या शिपायाच्या तोंडी इंग्रजी शब्द होते. ‘यंत्रबंदूक’ लिहिलेत तर ती सरकारी परिपत्रकातून आल्यासारखी वाटेल.

आता देशभक्तीचे. १९४४ साली ही पलटण ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढत होती, हे लपवू नका आणि त्यांना स्वातंत्र्यसैनिकही करू नका. दोन्ही खोटे होईल. पोवाड्याला निष्ठा लागते, पण ती ‘देश’ या शब्दानेच दाखवावी असे नाही. पडलेले सोबती, पलटणीची ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आरोळी, आणि गावाकडे वाट पाहणारी माणसे या तीन गोष्टी पुरेशा आहेत. आरोळी पोवाड्यात एकदाच येऊ द्या, तिसऱ्या चौकाच्या तोंडाशी. टेक म्हणून वापरलीत तर दुसऱ्याच वेळी ती बोथट होते.

प्रश्न : ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या कवितेत लढाई हरलेलीच आहे. मग ती देशप्रेमाची कविता कशी? आणि ‘वेडात’ हा शब्द कौतुकाचा की दोषाचा? (एक विद्यार्थी, पुणे)

कुसुमाग्रजांच्या या कवितेत ‘देश’, ‘राष्ट्र’, ‘स्वातंत्र्य’ यांपैकी एकही शब्द नाही. सगळा जोर लाजेवर आहे. सेनापती प्रतापराव गुजरांनी विजापूरचा सरदार बहलोलखान हातचा सोडला, शिवाजी महाराजांचे खरमरीत पत्र आले, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला सात जण शत्रूच्या सैन्यावर तुटून पडले. कविता सुरू होते ती त्या पत्राच्या टोमण्याने. म्हणजे पहिला आवाज शत्रूचा नाही, आपल्याच धन्याचा आहे. पुढे ‘मराठी शील’ आणि ‘मराठी जात’ यांची आठवण निघते. गेलेली पत भरून काढायची ही ओढ, तिच्यावर कवितेतली निष्ठा उभी आहे.

रचना पाहा, कारण उत्तर तिथे सापडते. बहुतेक कडव्यांत पहिल्या तीन ओळींचे यमक वेगळे असते आणि चौथी ओळ पुन्हा ‘आत’च्या यमकावर येते: रात, जात, पात, निमिषात, दर्यात, वणव्यात, गात. म्हणजे कडवे कुठेही भटकले तरी ध्रुवपदातल्या ‘सात’वर येऊनच टेकते. शिवाय हा आकडा आतही फिरत राहतो, धुळीचे मेघ सात, माना सात, उल्का सात, पक्षी सात. शत्रू किती होते ते मात्र कवी कुठेच मोजून सांगत नाही. एका बाजूचा आकडा पक्का आणि दुसऱ्या बाजूची नुसती आग, यातून विषमता अंगावर येते.

मात्रांचे गणितही चोख आहे. ‘वे | डात मराठे | वीर दौडले | सात’ असे तोडा: दोन, आठ, आठ आणि शेवटी तीन, जी म्हणताना चार होते. ‘म्या | नातुन उसळे | तलवारीची | पात’ यालाही तेच माप बसते. सुरुवातीच्या दोन मात्रा ठेक्याच्या आधी येतात. तिथे घोड्याला टाच बसते आणि पहिला ठेका ‘डात’वर पडतो. दौडीचा भास कल्पनेतून आलेला नाही, तो या दोन मात्रांनी घडवलेला आहे.

‘वेडात’बद्दल: कवीने न्याय दिलेला नाही आणि द्यायलाही नको होता. सेनापतीने फौज मागे ठेवून सहा जणांनिशी चालून जाणे हा लष्करी दृष्टीने शहाणपणा नव्हे. कविताही तसा दावा करत नाही, मागे राहिलेली सेना आश्चर्याने पाहतच राहते. प्रत्यक्ष मरणाचे वर्णन तर जवळजवळ नाहीच, सात जीव गर्दीत ‘लोपले’ एवढेच. शेवटच्या कडव्यात माणसे जाऊन दगड, ओढा, क्षितिज उरते आणि ‘अजून’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. विजयाची कविता युद्धाबरोबर संपते, ही संपत नाही ती त्या ‘अजून’मुळे. परीक्षेत ‘वीररस’ लिहून थांबू नका. शेवटी करुण येतो, तोही लिहा.

प्रश्न : कवितांमुळे बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली असे वाचले. कवितेत असे काय होते? (एक वाचक, नाशिक)

गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव, यांनी ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने कविता प्रसिद्ध केल्या होत्या. १९०९ साली नाशिकला खटला होऊन त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. कवितांत उघडपणे देव होते, शिवाजी महाराज होते, जुने पराक्रम होते. उच्च न्यायालयाने याच रचनेवर बोट ठेवले. देवांची आणि वीरांची नावे ही निव्वळ सबब आहे, खरा मजकूर ‘सरकार परके आणि जुलमी आहे, तलवार उचला’ हाच आहे, असा त्याचा रोख होता. न्यायाधीश वाङ्मयाचे चांगले वाचक निघाले, असे खेदाने म्हणावे लागते.

बाबारावांभोवतीच्या क्रांतिकारक मंडळींचा कवी म्हणजे गोविंद, गोविंद त्र्यंबक दरेकर. त्यांच्या प्रसिद्ध ओळीवरून ही कविता तोंडोतोंडी का झाली ते कळते:

रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले

हे भुजंगप्रयात वृत्त आहे, लघु-गुरु-गुरु असा यगण चार वेळा: रणावी | ण स्वातं | त्र्य कोणा | मिळाले. (‘ण’पुढे जोडाक्षर आहे, पण ते पुढच्या शब्दात. मराठी उच्चारात त्याचा आघात मागे येत नाही, म्हणून ‘ण’ लघुच धरायचा. पाठ्यपुस्तकी गण पाडताना मुले इथे हटकून चुकतात.) आता ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणून पाहा. तीच चाल. समर्थांचे मनाचे श्लोक घरोघरी पाठ होते, त्यामुळे गोविंदांच्या ओळीला नवी चाल शिकवावीच लागली नाही. छापील कागद जप्त करता येतो, लहानपणापासून ओठांवर असलेले वृत्त जप्त करता येत नाही. आणि त्या वृत्ताला उपदेशाची सवय होती. मनाला सांगण्याचा सूर जसाच्या तसा देशाला सांगण्यासाठी वापरला गेला.

ओळ प्रश्नार्थक आहे, हेही लक्षात घ्या. विधान नाकारता येते. प्रश्नाला मात्र ऐकणारा मनात स्वतःच उत्तर देतो, आणि मग ते उत्तर त्याचे होते.

प्रश्न : शिवकाळातल्या पोवाड्यांना देशभक्तीची कविता म्हणावे का? त्यांवर इतिहास म्हणून कितपत विसंबावे? (एक वाचक, बेळगाव)

आजच्या अर्थाने नाही. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा (प्रसंग १० नोव्हेंबर १६५९चा) हा हाती असलेला सर्वांत जुना मानला जातो. त्यात देवीचा कौल आहे, राजाची युक्ती आहे, सरदारांची नावे आहेत. निष्ठा आहे ती धन्याशी, देवीशी, मिठाशी. राष्ट्र ही कल्पना पुढे आम्ही त्यात वाचली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर फारच आवडीने वाचली. हॅरी अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१चा, म्हणजे त्याच काळातला. त्यानंतर जुना पोवाडा हे नव्या राजकारणाचे हत्यार झाले.

नावांच्या याद्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आज त्या कंटाळवाण्या वाटतात. पण ज्या फडात त्या सरदारांची मुले, भाऊबंद बसलेले असत, तिथे प्रत्येक नाव हा एक मुजरा होता. ‘आपण’ म्हणजे कोण हे पोवाडा अशा याद्यांतूनच ठरवतो.

इतिहासाबाबत सावध राहा. शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात घोरपड आहे, उदेभानाच्या ताकदीच्या अचाट गोष्टी आहेत. गडाचे ‘सिंहगड’ हे नाव तर ४ फेब्रुवारी १६७०च्या लढाईआधीच्या पत्रांतही सापडते, तेव्हा तानाजींच्या मृत्यूवरून नाव पडले ही कथा टिकत नाही. तारीख, संख्या आणि अंतर यांसाठी पोवाडा वापरू नये. लोकांना कशाचा अभिमान होता आणि कशाची लाज, एवढ्यापुरता तो उत्तम साक्षीदार आहे.

प्रश्न : कवितावाचन स्पर्धेत मुले युद्धकविता ओरडूनच म्हणतात. कसे थांबवावे? समरगीतांनाही हेच लागू आहे का? (क्रीडाशिक्षक, सोलापूर)

ओरडणे हा बहुधा श्वासाचा दोष असतो, भावनेचा नसतो. मूल ओळीच्या मध्येच श्वास घेते, मग उरलेली ओळ ढकलायला आवाज चढवते. उपाय साधा आहे: कवितेवर पेन्सिलीने आठ-आठ मात्रांच्या रेघा मारा, टाळी देत दोन दिवस कुजबुजत म्हणायला लावा, श्वास फक्त ओळीच्या शेवटी. ‘सात’, ‘पात’ अशा शेवटांवर आघात नको. ‘सा’ लांबवायचा आणि ‘त’ हलकेच सोडायचा. ‘त’वर आदळले की शेवटची मात्रा गिळली जाते आणि पुढची ओळ घाईत सुटते. सबंध कवितेत पूर्ण आवाज एका कडव्याला द्यायचा, कोणत्या ते आधी ठरवायचे.

समरगीताची गोष्ट वेगळी, तिथे पावले आणि ढोल शब्दांच्या जोडीला असतात. १९६३च्या ‘छोटा जवान’ चित्रपटातले गदिमांचे गीत घ्या. ‘माणुसकीच्या | शत्रूसंगे | युद्ध आमुचे | सुरू’, म्हणजे आठ, आठ, आठ आणि तीन. पुढचे ‘जिंकू किंवा | मरू’ आठ आणि तीन. शेवटच्या तीन मात्रांनंतर पाच मात्रांची पोकळी राहते आणि तिथे पाऊल किंवा ढोल पडतो. मुले ती पोकळी ‘मरूऽऽऽ’ करून भरतात आणि संचलनाचे पाऊल चुकते. शब्द आखूड सोडा.

त्याच सुमाराची, १९६२च्या चीन-युद्धाच्या काळातली कुसुमाग्रजांची ‘बर्फाचे तट पेटुनि उठले, सदन शिवाचे कोसळते’ ही ओळ मोजली तर तीस मात्रा भरतात, आठ-आठ-आठ-सहा, हरिभगिनी या वृत्ताचे माप. इथे शेवटी दोनच मात्रा रिकाम्या राहतात, म्हणून तिच्यावर संचलन करू नका, ती बोलायची कविता आहे. हिमालयाला शिवाचे घर केले की सीमेचा प्रश्न देवघरापर्यंत येतो, नकाशा दाखवावाच लागत नाही. युक्ती जुनीच आहे, पण ‘बर्फ’ आणि ‘पेटणे’ शेजारी बसवल्याने ताजी वाटते.

प्रश्न : परक्या देशाच्या युद्धावर मराठी पोवाडा आहे का?

आहे. अण्णाभाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा, १९४३चा. मुंबईच्या गिरणी वस्तीत व्होल्गाकाठची लढाई गायली गेली. नमन गणपतीऐवजी कामगाराला, धन्याच्या जागी जनता, बाकी चौक, झील, चढता कटाव सगळे तेच राहू शकते, हे शाहिरांनी दाखवून दिले. देश बदलला तरी साचा मोडत नाही, मोडतो तो शाहिराला ‘आपण’ कोण हे ठाऊक नसले म्हणजे.

प्रश्न : केशवसुतांची ‘तुतारी’ युद्धकवितेत धरावी का?

भाषा युद्धाची, लढाई रूढींशी. १८९३ची ही कविता सोळा मात्रांच्या ओळीने सुरू होते, ‘एक तुतारी | द्या मज आणुनि’, आणि रणवाद्य वाजते ते समाजसुधारणेसाठी. युद्धकवितांच्या संग्रहात घालू नका. पण युद्धाची शब्दकळा रणाबाहेर कशी गेली हे वर्गात शिकवायचे असेल, तर तिच्यापासून सुरुवात करा आणि मग गोविंदांकडे या. सोळा वर्षांनी तीच तुतारी न्यायालयात पुरावा म्हणून कशी वाजली ते मुलांना आपोआप दिसेल.